कपडे वाळविणाऱ्या यंत्राला आग का लागते?

पाऊस लांबला की आपल्याकडे घरातच दोऱ्या बांधतात आणि कुबट वासात आठवडा काढतात. अमेरिकेत ही वेळ सहसा येत नाही. तेथे धुलाई यंत्राशेजारी कपडे वाळविण्याचे यंत्र, म्हणजे ‘ड्रायर’ असतो. शिक्षणासाठी तिकडे गेलेली आपली मुले चौघे-पाचजण मिळून भाड्याच्या घरात राहतात, तेव्हा पुष्कळदा तो घराबरोबर आयताच मिळतो. दोरीवरचे कपडे आपण होऊन पेटत नाहीत. ड्रायरमधले मात्र पेटू शकतात. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या अंदाजाप्रमाणे २००८ ते २०१० या काळात तेथील घरांत ड्रायरच्या दरवर्षी सुमारे २,९०० आगी लागल्या. वर्षाला सरासरी ५ माणसे दगावली आणि १०० जखमी झाली. यंत्र साफ न करणे हे यातले सर्वांत मोठे कारण निघाले.

साफसफाईचा आणि आगीचा संबंध काय? थोडे गणित करू या.

यंत्रात पिळून काढल्यावरही कपड्यांत समजा २ किलोग्रॅम पाणी उरले. एक किलोग्रॅम पाण्याची वाफ करण्यास सुमारे २४ लक्ष ज्यूल उष्णता लागते. म्हणजे एकूण ४८ लक्ष ज्यूल. ड्रायरमधील तापक ५ किलोवॅटचा धरला, तर तो सेकंदाला ५,००० ज्यूल देतो. हिशेबाने १६ मिनिटे पुरावीत. पण बरीच उष्णता हवेबरोबर बाहेर जाते, म्हणून प्रत्यक्षात याहून बराच अधिक वेळ लागतो.

ही हवाच खरी महत्त्वाची. पंखा सेकंदाला सुमारे ७० लिटर, म्हणजे ८४ ग्रॅम हवा तापकावरून ओढतो. एक ग्रॅम हवेचे तापमान एक अंशाने वाढविण्यास साधारण एक ज्यूल लागतो. ५,००० ला ८४ ने भागा. हवा सुमारे ६० अंशांनी तापते. आता वाट तुंबून हवा निम्मीच वाहू लागली, तर? तापक तोच, उष्णता तीच. वाढ मात्र १२० अंशांची! अशा वेळी वीज तोडणारा तापनियंत्रक यंत्रात असतो, पण तोही कधीतरी बिघडतोच.

वाट तुंबविणारी वस्तू म्हणजे कपड्यांतून झडणारे बारीक तंतू. पिंजाऱ्याकडचा कापूस आठवा. लाकडाचा ओंडका काडीने पेटत नाही, पण पिंजलेला कापूस क्षणात पेटतो, कारण त्याच्या प्रत्येक तंतूला चोहोबाजूंनी हवा मिळते. तोच कापूस येथे तापकाजवळ साठत असतो.

कपडे ओले असेतो बाष्पीभवन त्यांना माठासारखे थंड राखते. पाणी संपले की तीच उष्णता कापड तापविण्यात जाते. नळी तुंबलेली असली म्हणजे दमट हवा बाहेर जात नाही, कपडे एका फेरीत वाळत नाहीत. राहणारा म्हणतो, “यंत्र जुने झाले,” आणि पुन्हा कळ दाबतो! खरे म्हणजे ही पहिली धोक्याची सूचना होय.

भाड्याच्या घरात पंचाईत येथेच होते. दाराजवळची जाळी प्रत्येक वेळी साफ करणे भाडेकरूच्या हातात आहे, आणि त्याने ती केलीच पाहिजे. परंतु भिंतीतून बाहेर जाणारी नळी त्याला दिसतही नाही. भाडेकरू बदलतात, नळी शेवटची केव्हा साफ झाली, हे कोणालाच ठाऊक नसते. माझ्या मते हे काम निःसंशय घरमालकाचे. दर वर्षी, आणि नवा भाडेकरू येण्यापूर्वी, त्याने ती उघडून पाहावी. नळी गुळगुळीत धातूची, आखूड व कमी वळणांची हवी. वळ्यांच्या लवचिक प्लॅस्टिक नळीत तंतू अडकतात आणि ती स्वतःही पेटते. बाहेरच्या तोंडाशी पक्ष्याने घरटे केले नाही ना, तेही बघावे.

काही वेळा दोष यंत्रातच असतो. लंडनमधील शेफर्ड्स कोर्ट या अठरा मजली इमारतीत १९ ऑगस्ट २०१६ रोजी अशाच एका ड्रायरमुळे मोठी आग लागली. त्या जातीच्या ड्रायरमध्ये तंतू तापकाला लागू शकतात, हे आधीच जाहीर झाले होते. मात्र कोणीतरी लक्ष ठेवून असल्यास ते वापरायला हरकत नाही, असा कंपनीचा सल्ला होता. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. वापरलेला ड्रायर भाड्याच्या घरात ठेवण्यापूर्वी त्याचा क्रमांक परत मागविलेल्या यंत्रांच्या यादीत पाहावा, तो यासाठी.

आपल्या स्वयंपाकघरांसाठी आणखी एक गोष्ट. तेलाने माखलेली फडकी धुतली तरी थोडे तेल उरते. गरम असताना त्यांचा ढीग केला, तर तेलाचे ऑक्सिडीकरण होऊन उष्णता आत कोंडते आणि काही तासांनी ढीग आपोआप पेटू शकतो. शेवटची काही मिनिटे तापक बंद ठेवून पिंप नुसते फिरते, ते उगीच नव्हे. घाई करून मध्येच कपडे काढू नयेत. अशी फडकी तर दोरीवरच बरी.

आणि यंत्रातून धूर दिसलाच, तर दार उघडू नये. आत ताजा ऑक्सिजन जातो. मुख्य बटण हाताशी आणि सुरक्षित असेल तर वीज तोडावी, सर्वांना घेऊन बाहेर पडावे आणि मग अग्निशमन दलाला बोलवावे.