गोणीतल्या शेणखतापासून पिशवीतल्या खतापर्यंत

पुण्या-मुंबईत गोठे वस्तीतच होते, तोवर बागेसाठी खत विकत घ्यायचं म्हणजे गवळ्याला सांगून ठेवायचं. गोणी दारात यायची. तिच्यात गवताच्या काड्या, खडे, अर्धंकच्चं शेण आणि नशीब वाईट असलं तर हुमणीच्या पांढऱ्या, वाकड्या अळ्याही. जाणता माणूस ते लगेच वाफ्यात घालत नसे. पाणी मारून, झाकून, पुरतं काळं आणि भुसभुशीत होईपर्यंत ते कोपऱ्यात ठेवलं जाई. थांबणं हा खताच्या कामाचाच भाग होता.

या कुजण्याला शिस्त आपल्या शेजारीच लागली. इंदूरच्या संशोधन संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी पिकांचे अवशेष, शेण, राख आणि गोमूत्र मुरलेली माती यांचे थर रचून, ठरावीक वेळी उलथापालथ करून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची पद्धत बसवली. 1931 साली दोघांच्या नावावर तिचं पुस्तक निघालं. पुढे महाराष्ट्रात श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने पालापाचोळ्यातून सकस माती घडवण्याचा विचार घरोघरी नेला, तर उदय भवाळकरांनी पुण्यात गांडुळांवर काम केलं.

पिशवीचा जमाना खऱ्या अर्थाने आणला तो गांडूळखताने. चहापत्तीसारखं दाणेदार, वास नसलेलं हे खत तिसऱ्या मजल्यावर लिफ्टमधून नेलं तरी कोणी नाक मुरडत नाही. 2006 साली केंद्राने गांडूळखत आणि शहरी कचऱ्याचं कंपोस्ट खत नियंत्रण आदेशात घेतलं. ओलावा 15 ते 25 टक्के, 90 टक्के माल 4 मिलिमीटरच्या चाळणीतून पडायला हवा, शिसं-कॅडमियमसारख्या जड धातूंना मर्यादा, असे निकष ठरले. 2016 मध्ये शहरी कंपोस्टच्या विक्रीसाठी टनाला 1500 रुपयांचं साहाय्यही जाहीर झालं. उकिरड्यावरचा माल असा दुकानाच्या फळीवर आला.

यात बागेचा फायदा झाला, यात शंका नाही. सोसायट्यांच्या आवारात माती म्हणून पडलेली असते ती बहुधा मुरूम आणि राडारोडा. तिच्यात चांगलं कंपोस्ट मिसळलं की पाणी टिकतं. काळ्या चिकण मातीत तेच खत कणांचे रवे बांधतं, निचरा सुधारतं, मुळांना हवा मिळते. मात्र आपल्या उन्हात सेंद्रिय अंश झपाट्याने जळून जातो. म्हणून एकदा खत घातलं आणि सुटलो, असं होत नाही. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला दोन-तीन बोटं थर द्यावाच लागतो.

पिशवीने एक सवय मात्र मोडली, ती पारखायची. आता छापील चित्र बघून खत घेतलं जातं. पिशवी उघडल्यावर पहिल्या पावसासारखा मातकट वास आला तर माल पिकलेला. नाकात झोंबणारा अमोनिया आला किंवा आत हात घातल्यावर ऊब लागली, तर कुजणं अजून चालू आहे. असं खत मुळांशी गेलं की रोप पिवळं पडतं. कोंबडखत तर आणखी तिखट, ते थोडंच आणि जुनंच वापरावं. कोकोपीटला बरेच जण खत समजतात. ते पाणी धरतं, पोषण जवळजवळ देत नाही.

तेव्हा पिशवी जरूर आणा. कुंडीत तिचा वाटा तिसऱ्या हिश्शाच्या वर नेऊ नका, तयार होण्याची तारीख आणि घटक वाचून घ्या, कच्चं वाटलं तर गोणीतल्या शेणखतासारखं महिनाभर ओलसर झाकून ठेवा. आणि आवारातला पालापाचोळा जाळू नका. पुढच्या वर्षीची निम्मी पिशवी त्यातच आहे.