विश्लेषण : रेझिनचे अक्षर चिकट का राहते, पाटी पिवळी का पडते?

नव्या घराच्या दारावर पितळी अक्षरांच्या पाटीऐवजी आता लाकडी फळीत कोरलेले आद्याक्षर आणि त्यात ओतलेले काचेसारखे चकचकीत निळे रेझिन दिसू लागले आहे. मोबाइलवर मिनिटभराच्या व्हिडीओत हे मोनोग्राम तयार होताना पाहिले की कोणालाही करून पाहावेसे वाटते. संच मागवला जातो, रविवार त्यात जातो आणि सोमवारी सकाळी बोट लावून पाहावे तर अक्षर गुळाच्या पाकासारखे चिकट. असे का होते?

रेझिन वाळते की घट्ट होते?

रंग वाळतो, कारण त्यातले पाणी किंवा थिनर उडून जाते. इपॉक्सीतून काही उडून जावे लागत नाही. रेझिन आणि हार्डनर या दोन द्रवांचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि घन पदार्थ तयार होतो. सिबा या स्विस कंपनीने १९४६ मध्ये बाजारात आणलेले, दोन ट्यूबांतून मिळणारे अरल्डाइट घरोघरी ठाऊक आहे. पाटीचे रेझिन त्याच कुळातले, फक्त पातळ आणि पारदर्शक.

नेमकी चूक इथेच होते. ‘लवकर घट्ट व्हावे’ म्हणून हार्डनर थोडे जास्त घातले, तर जोडीदार न मिळालेले रेणू तसेच उरतात आणि अक्षर मऊ, चिकट राहते. मग पंखा लावा की उन्हात ठेवा, उपयोग नाही. डब्यावर प्रमाण मापाने दिले आहे की वजनाने, हेही पाहावे लागते. हार्डनर बहुधा रेझिनपेक्षा हलके असते, त्यामुळे मापाने २:१ असलेले मिश्रण वजनकाट्यावर २:१ घेतले की बिघडते. अंदाजपंचे ओतणे स्वयंपाकात चालून जाते, इथे नाही.

किती लागेल?

कोरलेल्या भागाचे क्षेत्रफळ ८० चौरस सेंटिमीटर आणि खोली ५ मिलिमीटर असेल, तर ४० मिलिलिटर. थोडे वाया जाते, म्हणून ४५ धरावे : मापाने २:१ असेल तर ३० रेझिन, १५ हार्डनर. तीन-चार मिनिटे सावकाश, कपाच्या कडा आणि तळ खरवडत ढवळायचे. जोरात फेटले तर फेस होतो. उरलेले मिश्रण कपात साठवून ठेवू नये. ही प्रक्रिया उष्णता सोडते. खोल कपात ती कोंडते, कप हातात धरवत नाही आणि कधी धूरही निघतो. याच कारणाने पातळ थरासाठीचे रेझिन एका दमात जाड ओतू नये.

बुडबुडे येतात कुठून?

थोडे ढवळण्यातून, बरेचसे लाकडातून. लाकडाच्या छिद्रांत हवा असते. लाकूड तापले की ती प्रसरण पावून वर येते. म्हणून आधी ब्रशने रेझिनचा पातळ हात देऊन छिद्रे बुजवतात आणि तो घट्ट होत आला की अक्षर भरतात. वर आलेले बुडबुडे हीट गन भरभर फिरवून फोडता येतात. एकाच जागी धरली तर रेझिन करपते. सागवान दिसायला देखणे, पण तेलकट. ओतण्याआधी ते थिनरने पुसले नाही, तर रेझिनची पकड कमजोर राहते. आंब्याचे लाकूड त्या मानाने सोपे.

अक्षर देवनागरी असेल तर एक जास्तीचा फायदा. फळी आरपार कापली तर ‘व’ किंवा ‘ब’च्या पोटातला लाकडाचा तुकडा गळून पडतो; नुसती खाच कोरली तर तो जागेवर राहतो आणि रेझिनमध्ये बेटासारखा उठून दिसतो.

पावसाळ्यात करावे का?

मुंबई-कोकणात शक्यतो टाळावे. दमट हवेत हार्डनर बाष्प आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावते आणि वर मेणचट, धुरकट थर येतो. तो कोमट साबणपाण्याने धुता येतो. पण ओल धरलेले लाकूड नंतर आकसले तर रेझिनच्या कडेला फट पडते, तिला सोपा इलाज नाही.

आरोग्याला धोका आहे का?

व्हिडीओत सहसा न सांगितली जाणारी बाब हीच. ‘नॉन-टॉक्सिक’ हा शब्द फार तर पूर्ण घट्ट झालेल्या रेझिनला लागू पडतो. द्रव रेझिन आणि हार्डनर वारंवार त्वचेला लागले तर ॲलर्जी होऊ शकते : खाज, पुरळ, सूज. एकदा झालेली ही ॲलर्जी बहुधा आयुष्यभर राहते. पुढे थोड्याशा संपर्कानेही त्रास होतो. पहिल्या चार-पाच पाट्यांना काहीच झाले नाही, हा भरवसा धरण्याजोगा पुरावा नाही. घरून पाट्या करून विकणाऱ्यांना, म्हणजे रोज हात घालणाऱ्यांना, हा धोका अधिक.

हातमोजे नायट्राइलचे हवेत. हाताला रेझिन लागलेच तर थिनरने पुसू नये. थिनर ते त्वचेत आणखी खोल नेतो. साबण आणि पाणी पुरे. खिडक्या उघड्या, मुले दूर. घासताना एन-९५ मास्क हवाच, कारण अर्धवट घट्ट झालेल्या रेझिनची भुकटी द्रवाइतकीच त्रासदायक. मात्र हा मास्क वाफ अडवत नाही. पाटी २४ तासांत हाताला कोरडी लागली तरी पूर्ण घट्ट व्हायला बहुधा सात दिवस लागतात. घासण्याची घाई करू नये. उरलेले द्रव बेसिनमध्ये ओतायचे नाही.

पिवळी पडू नये म्हणून?

उन्हातले अतिनील किरण इपॉक्सी पिवळे करतात. ‘यूव्ही रेझिस्टंट’ लिहिलेले रेझिनही पिवळे पडते, फक्त उशिरा. दारावर थेट ऊन येत असेल तर पारदर्शक किंवा पांढऱ्याऐवजी गडद निळा, काळा रंग निवडावा आणि वरून यूव्ही-रोधक पॉलियुरेथेनचा हात द्यावा. पिवळेपणा वरवरचा असेल तर बारीक पॉलिश पेपरने पाणी लावून घासून नवा हात देता येतो. पारदर्शक अक्षर आतपर्यंत पिवळे झाले असेल, तर ते पटाशीने कोरून काढून पुन्हा भरावे लागते.