वर्तनाधारित खेळाडू-जुळवणी

ऑनलाइन सांघिक खेळांत परस्परांना अपरिचित असलेल्या खेळाडूंचे संघ व सामने ठरविताना कौशल्याबरोबरच त्यांच्या पूर्वीच्या वर्तनाचाही विचार करण्याची पद्धती. सामना अर्ध्यावर सोडणे, शिवीगाळ, मुद्दाम हरणे, स्वतःच्याच संघाला अडथळा आणणे हे दोष तीत प्रामुख्याने लक्षात घेतले जातात.

समबळ जोड लावण्याची रीत जुनी आहे. यवतमाळसह विदर्भातील कुस्त्यांच्या दंगलींत मल्लांचे वजन, बांधा व लौकिक पाहून जोड लावली जाते. बुद्धिबळात आर्पाड एलो यांची गुणांकन पद्धती जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. एक्सबॉक्सवरील सामन्यांसाठी मायक्रोसॉफ्टने तयार केलेली ट्रूस्किल ही त्याच विचाराची पुढील पायरी होय. मात्र या पद्धती केवळ बळ मोजतात. जोड लावणारा जाणता माणूस बहुधा मल्लाला व त्याच्या वस्तादाला ओळखत असतो; ऑनलाइन खेळात ही ओळख नसते व तिची जागा नोंदी घेतात.

सोडलेले सामने, सहखेळाडूंच्या तक्रारी व त्यांनी दिलेली शाबासकी यांवरून प्रत्येकाचा वर्तनांक काढला जातो आणि जवळपासचे अंक असलेल्यांना एकत्र खेळविले जाते. निकष फार काटेकोर ठेवल्यास प्रतिस्पर्धी मिळण्यास विलंब लागतो. म्हणून प्रतीक्षा लांबेल तसे ते सैल करावे लागतात. ‘मॅक्स पेन ३’ (२०१२) या खेळात लबाडी करणाऱ्यांना केवळ आपसांतच खेळण्यास भाग पाडले गेले. ‘डोटा २’ मध्ये सामने सोडणाऱ्यांची रवानगी वेगळ्या रांगेत होते व तेथे ठराविक सामने जिंकल्यावरच सुटका होते. अशा रांगेत सोबतीही तसेच भेटत असल्याने सुधारू इच्छिणाऱ्याचा मार्ग बिकटच असतो.

पद्धतीचे खरे वैगुण्य असे, की सर्व्हरला कृती दिसते, कारण दिसत नाही. ‘डोटा २’ मध्ये पाच मिनिटांहून अधिक काळ संपर्क तुटलेला खेळाडू सामना सोडून गेला असे धरले जाते. यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या गावी वीज गेली वा मोबाईलचे नेटवर्क खंडित झाले, तर ते पाच मिनिटांत परत येईलच असे नाही. तेथील खेळाडूची नोंद मात्र हार दिसताच पळ काढणाऱ्याच्या शेजारी होते. तक्रारींचेही तसेच. ‘ओव्हरवॉच’ मध्ये नको असलेला खेळाडू टाळण्याची सोय होती. एक अत्यंत निष्णात नेमबाज, वागण्यात दोष नसताना, केवळ त्याच्यापुढे हरावे लागते म्हणून अनेकांनी टाळला व त्याला सामने मिळेनासे झाले. परिणामी २०१६ मध्ये ती सोयच काढून टाकण्यात आली.

‘काउंटर-स्ट्राइक’ मध्ये २०१७ पासून वापरात आलेल्या विश्वासांकाचे सर्व घटक व्हॉल्व्ह या कंपनीने उघड केलेले नाहीत. त्यामुळे ज्याचा अंक चुकून घसरला, त्याला आपले कोठे चुकले हे कळण्यास मार्ग राहत नाही.