खाऱ्या हवेतला सायलेन्सर

एक लिटर पेट्रोल इंजिनात जळलं की त्यातून जवळजवळ एक लिटरच पाणी तयार होतं. पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतो, त्याची वाफ होते आणि ती धुराबरोबर सायलेन्सरच्या नळीतून निघून जाते. लांबच्या प्रवासात नळी तापलेली असल्याने हे कुणाच्या ध्यानात येत नाही. गाडी दोनचार किलोमीटर जाऊन थांबली, तर मात्र मागचा डबा पुरता तापतच नाही. पत्रा ५०-५५ अंशांपेक्षा थंड असेल तर वाफेचं पाणी होऊन तळाशी साचतं. धुरातला कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडं आणि उरलंसुरलं गंधक त्यात विरघळतं. मग ते आंबट पाणी पत्रा आतून खायला लागतं.

देवबागात गाड्यांचं फिरणं बरंचसं असंच असतं. मालवणहून तारकर्ली ओलांडून पुढे आलं की एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आणि मध्ये माडांनी भरलेली वाळूची चिंचोळी पट्टी. ती जिथे संपते तिथे नदी समुद्राला मिळते. घरातून जेटीवर, जेटीवरून तारकर्लीला, पाहुण्यांना घेऊन पुन्हा घरी: सगळं अंतर थोडं, आणि इंजिन गरम व्हायच्या आत बंद.

बाहेरून येतं ते मीठ. लाटा फुटताना उडणारे सूक्ष्म थेंब वाऱ्यावर येतात आणि गाडीच्या पोटाला चिकटतात. जेवणातलं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी शोषून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि त्याला ३३ टक्के आर्द्रता पुरते. देवबागची हवा तेवढी कोरडी क्वचितच होते. म्हणजे पावसाचा थेंबही नसताना, वैशाखातसुद्धा, नळीवर खाऱ्या पाण्याचा न दिसणारा थर बसलेला असतो. घाटावर वर्षानुवर्षं टिकणारा सायलेन्सर इथे लवकर चाळणी होतो, त्याचं कारण हे दुहेरी आक्रमण आहे.

याच गावात खाऱ्या पाण्याशी जमवून घेतलेली दुसरी यंत्रणाही रोज दिसते. डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या होड्यांच्या आउटबोर्ड इंजिनांत धूर बहुधा पंख्याच्या मधोमध असलेल्या पोकळीतून पाण्याखालीच सोडलेला असतो. आवाज पाणीच गिळतं. या इंजिनांना जस्ताचे किंवा तत्सम धातूचे तुकडे जोडलेले असतात. ते आधी झिजतात आणि इंजिनाचा धातू वाचतो. हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या तांब्याने मढवलेल्या जहाजांसाठी ही युक्ती सुचवली होती. दोनशे वर्षांनंतरही ती तितकीच चोख चालते. गाडीच्या नळीला मात्र जस्ताचा तुकडा लावून फारसा उपयोग नाही, कारण दोन्ही धातू एकाच पाण्यात बुडालेले असतील तरच तो लांबवरचं रक्षण करतो. गाडीसाठी धातूच चांगला निवडावा लागतो.

पण ‘सायलेन्सर बदलायचा’ म्हणताना आपण नेमकं काय बदलतो? ही एकच वस्तू नव्हे. इंजिनाला लागून मॅनिफोल्ड, मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, त्याच्या आगेमागे ऑक्सिजन सेन्सर, पुढे हलता जोड, लांब नळी आणि शेवटी मफलर, म्हणजे आपला नेहमीचा डबा. या साखळीतला सर्वांत विलक्षण भाग कन्व्हर्टर. त्यात चिनी मातीसारख्या सिरॅमिकचा ठोकळा असतो आणि त्यातून हजारो बारीक चौकोनी बोगदे आरपार गेलेले असतात. आतून ॲल्युमिनाचा सच्छिद्र लेप असतो. त्या लेपाच्या एका ग्रॅमचं पृष्ठफळ शंभर चौरस मीटरच्या घरात जातं. त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचे कण विखुरलेले असतात. विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं या पृष्ठभागावर क्षणार्धात कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि नायट्रोजनमध्ये बदलतात. ठोकळा २५०-३०० अंशांपर्यंत तापला की हे काम सुरू होतं.

युजीन हूड्री या फ्रेंच अभियंत्याने अमेरिकेत राहून पन्नाशीच्या दशकात याचा पाया घातला. पण पेट्रोलमधलं शिसं त्या मौल्यवान कणांना निकामी करी, म्हणून शिसं हटेपर्यंत त्याची कल्पना रस्त्यावर आली नाही. भारतात १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागलं. आता गल्लीबोळातल्या गाडीच्या पोटाखाली प्लॅटिनम असतं. चोरांनी ते नेमकं हेरलं आणि महाराष्ट्रात अनेक ठिकाणी इको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात कापून नेले.

डब्याचं कामही तितकंच बुद्धीचं. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० स्फोटांचा दाब नळीत शिरतो. डब्यातल्या कप्प्यांवर आपटून परतणाऱ्या लहरी समोरून येणाऱ्या लहरींना भेटतात आणि एकमेकींना पुसून टाकतात. उरलेला कर्कश आवाज काही डब्यांत भरलेले काचतंतू शोषतात. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रीव्ह्ज बंधूंनी १८९७ मध्ये अशा मफलरचं पेटंट घेतलं.

म्हणून डबा काढून ‘फ्री फ्लो’ नळी बसवण्याची हौस मला खेदाची वाटते. सिलिंडरमधून सुटलेला वायू वेगाने पुढे जाताना मागे कमी दाब सोडतो आणि त्यामुळे पुढचा धूर ओढला जातो. नळी गरजेपेक्षा रुंद केली की हा वेग मंदावतो आणि कमी फेऱ्यांवरची ओढ घटू शकते. देवबागच्या अरुंद रस्त्यावर तर गाडी कायम कमी फेऱ्यांवरच असते! कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलात मनमानी फेरफार चालत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. कुठल्याही मॉडेलचा धूर आणि आवाज पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासल्यावरच ते रस्त्यावर येतं. तो हिशेब अंगणात बसून मोडू नये.

खरी सुधारणा आहे ती मूळ मापाचा, मूळ रचनेचा, पण सरस धातूचा भाग बसवण्यात, आणि तीही कन्व्हर्टरच्या मागच्या भागापुरती. साध्या पोलादाचा डबा इथे घेऊच नये. ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला त्याहून बरा. ४०९ प्रतीच्या स्टेनलेसमध्ये सुमारे ११ टक्के क्रोमियम असतं. त्याला वरवर तांबूस डाग पडतात, पण तो तग धरतो. ३०४ मध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, किनाऱ्यासाठी तो अधिक चांगला. क्लोराइड त्यालाही बारीक खड्डे पाडतं, पण सावकाश.

काम घरी करायचं तर पहिली काळजी जॅकची. वाळूत जॅक रुततो, म्हणून गाडी सिमेंटच्या जमिनीवर घ्यावी, चाकांना अडण लावावी आणि लोखंडी घोड्यांवर टेकवल्याशिवाय खाली शिरू नये. अंगणात सहज सापडणारे जांभ्याचे चिरे आधाराला कधीच लावू नयेत. जांभा वजनाखाली अचानक फुटतो. गंजलेल्या नट-बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं. इंजिन पूर्ण थंड असावं, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली असावी. टांगणीची रबरं साबणाच्या पाण्याने सुटतात. सेन्सरची वायर ओढू नये. जुनं पॅकिंग पुन्हा वापरू नये, आणि सगळे बोल्ट आधी सैल लावून नळी सरळ रेषेत आणल्यावरच आवळावेत. ३०४ स्टेनलेसची मीटरभर नळी ४०० अंशांनी तापली की जवळजवळ ७ मिलिमीटर वाढते. तिला हलायला जागा लागते, म्हणून झिजलेली रबरंही त्याच वेळी बदलावीत.

गाडी चालू करून बघायची ती उघड्यावर, मांगरात नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट धरतं. जोडांवर साबणाचं पाणी टाकलं की गळती बुडबुड्यांनी कळते. ही पाहणी नळी थंड असतानाच, इंजिन सुरू केल्या केल्या करावी. एकदा गाडी तापून गार झाली की बोल्ट पुन्हा आवळावेत आणि पीयूसी करून घ्यावी. डब्याच्या तळाला पाणी निथळण्यासाठी बारीक भोक असेल तर ते तारेने मोकळं ठेवावं. आठवड्यातून एकदा गाडी कुडाळपर्यंत न्यावी, म्हणजे डबा आतून वाळतो, आणि आल्यावर नळी निवली की विहिरीच्या गोड्या पाण्याने गाडीचं पोट धुवावं.