घरगुती संगणकावरील पृष्ठरचना व साधनपरीक्षा

हस्तलिखिताचा काळ ठरवितांना कागद, शाई व अक्षराचें वळण पाहावें, हें संशोधकास सांगावयास नको. परंतु इ. स. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील शाळांनीं व लहानमोठ्या मंडळांनीं घरच्या संगणकावर छापलेलीं वार्तापत्रें हींहि आतां इतिहासाचीं साधनेंच होत, आणि त्यांच्या परीक्षेस निराळ्या खुणा लागतात.

अशा पत्रांसाठीं वापरली जाणारी एक आज्ञावली म्हणजे स्प्रिंगबोर्ड कंपनीची 'न्यूजरूम' (१९८४). ती ॲपल-२, कमोडोर-६४ इत्यादि यंत्रांवर चाले. कमोडोरची स्मृति अवघी ६४ किलोबाइट व पडदा ३२० × २०० ठिपक्यांचा. त्यांत सबंध पान स्पष्ट दिसणें अशक्यच. म्हणून पानाचे तुकडे केलेले असत. मथळा एका कक्षांत, चित्र दुसऱ्यांत, मजकूर तिसऱ्यांत सिद्ध करून प्रत्येक तुकडा फ्लॉपीवर निराळा ठेवावयाचा आणि अखेरीस ते जोडून छापावयाचे. मजकूर एका चौकटींतून दुसरींत आपोआप वाहत नसे. तेव्हां अशा पत्रांत एखादी हकीकत चौकटीच्या तळाशीं एकाएकीं आखडली, तर ती जागेपायीं छाटली असण्याचा संभव आधीं तपासावा. लेखकाच्या मौनावर अनुमानांचे इमले रचूं नयेत.

दुसरी गोष्ट चित्रांची. आज्ञावलीबरोबर सहाशेंहून अधिक तयार चित्रें येत. अर्थात् दोन दूरच्या गांवांच्या पत्रांत एकच चित्र आढळलें, एवढ्यावरून त्यांचा परस्परसंबंध सिद्ध होत नाहीं.

१९८५ सालीं मॅकिंटॉशकरितां आल्डस कंपनीचें 'पेजमेकर' आलें. कंपनीचें नांव व्हेनिसच्या आल्डस मनुटियस या मुद्रकावरून घेतलेलें. ॲपलच्या लेझररायटरनें इंचास ३०० ठिपके उमटूं लागले. पण त्या यंत्राची किंमत ६,९९५ डॉलर, त्यामुळें तें सामान्य घरांत येणें कठीणच होतें.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक बिकट आहे. मराठीच्या पुष्कळ जुन्या संगणकीय टंकांत संकेत वर्णाचा नसून आकाराचा असे. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधीं नोंदली जाई. शिक्षाग्रंथांत उच्चारक्रम प्रमाण, येथें डोळ्याचा क्रम प्रमाण! युनिकोडांत व्यंजन प्रथम येतें. त्यामुळें मूळ टंकाचें नांव टिपून ठेवलेलें नसेल, तर त्या काळची फाइल उघडतांच निरर्थक रोमन चिन्हें दिसतात, आणि पाठनिश्चितीस छापील पानच तेवढें उरतें.