समारंभांतील गोडाचें टेबल

साखरपुडा, बारसें, मुंज अशा समारंभांत पंगतीच्या जोडीला, क्वचित् पंगतीच्या ऐवजींहि, गोड पदार्थांचें स्वतंत्र टेबल मांडण्याची चाल शहरांतून चांगलीच रुळली आहे. पंगतींत वाढप्याचा हात प्रत्येक पानापर्यंत जातो. येथें पाहुणा स्वतः येऊन हवें तें उचलतो. त्यामुळें प्रमाण, स्वच्छता आणि विचारपूस या तिन्ही गोष्टी यजमानांना आधींच योजून ठेवाव्या लागतात. ही योजना कशी करावी, तें आज पाहूं.

साठ पाहुण्यांचा साखरपुडा आहे असें धरूं. आठ-दहा प्रकार मांडण्याचा मोह होतो; पण चार प्रकार पुरेसे होतात. एक लाडू, एक तळलेला पदार्थ, एक वडी आणि एक ओला पदार्थ. जेवणानंतर माणशीं तीन नग धरले तर १८० होतात. त्यांत दहावा हिस्सा वाढवून २०० करावे. त्यांपैकीं १५० नग कोरडे, प्रत्येकीं २५ ग्रॅमचे, म्हणजे पावणेचार किलो. आणि श्रीखंडाच्या ५० लहान वाट्या, प्रत्येकींत ६० ग्रॅम, म्हणजे तीन किलो. नग लहान ठेवावा. ज्याला आणखी हवा असेल तो दुसरा घेईल; मोठा लाडू मात्र अर्धा खाऊन टाकला जातो.

आतां कामाचा क्रम. बेसनाचे लाडू व शंकरपाळी चार दिवस आधीं करावीं. ओल्या नारळाची वडी आदल्या दिवशीं करावी. श्रीखंडाचा चक्का आदल्या रात्रीं टांगावा, उन्हाळा असल्यास शीतकपाटांतच. आणि साखर, वेलदोडा, केशर घालून श्रीखंड त्याच दिवशीं सकाळीं फेटावें.

हा क्रम केवळ सोयीचा नाहीं. बेसनाच्या लाडवांत पाण्याचा अंश फार थोडा असतो, म्हणून जंतूंना तेथें वाढतां येत नाहीं. खवा, पेढा, बासुंदी, रबडी यांची गोष्ट निराळी. ओलावा आणि दूध दोन्ही तेथें असल्यामुळें ५ ते ६० अंश सेल्सिअस या उष्णमानांत जंतु झपाट्यानें वाढतात. हाताच्या त्वचेवरून खव्यांत शिरणारे कांहीं जंतु असें विष निर्माण करतात कीं, पदार्थ पुन्हां तापविला तरी तें नाहींसें होत नाहीं. वासावरून वा चवीवरूनहि तें कळत नाहीं. म्हणून दुधाचा पदार्थ टेबलावर दोन तासांपेक्षां अधिक राहूं देऊं नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासच. पन्नास वाट्या एकदम न मांडतां पंधरा-पंधरा आणाव्यात. बाकीच्या शीतकपाटांत किंवा बर्फावर ठेवाव्यात. जुन्या तबकांत नवा माल ओतूं नये, तबकच बदलावें. मिठाई बाजारांतून आणणार असाल तर, सुट्या मिठाईवरहि ती केव्हांपर्यंत खावी ती तारीख लावण्याचा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाला होता. ती पाहूनच खरेदी करावी.

मांडणीविषयीं थोडेंसें. टेबल भिंतीपासून दूर ठेवावें, म्हणजे दोन्ही बाजूंनीं घेतां येतें व गर्दी तुंबत नाहीं. ऊन आणि दाराची धूळ टाळावी. बशा आरंभीं, मग कोरडे पदार्थ, शेवटीं श्रीखंड व चमचे. प्रत्येक तबकांत स्वतंत्र चिमटा असावा. उष्ट्या बशांची टोपली जवळच, पण नजरेआड ठेवावी.

प्रत्येक पदार्थापुढें नांवाची चिठ्ठी ठेवून तींत काजू, शेंगदाणे, गहूं वा दूध असल्यास तसें लिहावें. कित्येकांना यांपैकीं एखादी वस्तु मुळींच सोसत नाहीं. मधुमेही वडील मंडळींसाठीं गुळाची वडी ठेवली म्हणजे भागलें, अशी समजूत आढळते. पण गुळानेंहि रक्तांतील साखर वाढतेच. त्यांच्यासाठीं पेरूच्या फोडी आणि भाजलेले मखाणे बेताचे ठेवावेत. चारचौघांत 'मला नको' म्हणण्याचा प्रसंग त्यांच्यावर येत नाहीं.

समारंभ आटोपतांच उरलेले लाडू व शंकरपाळी पुड्या बांधून पाहुण्यांना आणि राबलेल्या गडीमाणसांना त्याच संध्याकाळीं द्याव्यात. मुदतीपेक्षां अधिक वेळ बाहेर राहिलेलें श्रीखंड मात्र हळहळ न करतां टाकून द्यावें. आपल्या घरीं तोंड गोड केलेला पाहुणा दुसऱ्या दिवशीं सुखरूप उठावा, यांतच यजमानांचें आतिथ्य पुरें होतें.