रोटिसरी संच (कोळशाची शेगडी)

रोटिसरी संच हा कोळशाच्या शेगडीवर किंवा स्मोकरवर (धूर देऊन अन्न शिजवण्याच्या भट्टीवर) बसवावयाचा एक जोड आहे. त्यात आडव्या गजात ओवलेले मांस किंवा अन्य खाद्यपदार्थ मोटरच्या साहाय्याने निखाऱ्यांसमोर संथ गतीने फिरवत भाजले जातात. संपूर्ण कोंबडी, बोकडाची तंगडी, गुंडाळून बांधलेले मांस आणि क्वचित अननस किंवा फुलकोबीचा गड्डा अशा मोठ्या, सलग पदार्थांसाठी ही पद्धत वापरतात. बाजारात हे संच बहुधा 'किती किलो वजन पेलते' या आकड्यावर विकले जातात. हा आकडा मात्र पदार्थ गजावर समतोल बसवला आहे असे गृहीत धरूनच खरा असतो. म्हणून संच निवडताना शेगडीचे माप, गजाची जाडी आणि मोटरचा फिरवण्याचा जोर या तीन गोष्टी छापील वजनापेक्षा अधिक महत्त्वाच्या ठरतात.

व्युत्पत्ती आणि इतिहास

'रोटिसरी' हा शब्द फ्रेंच भाषेतून आला असून त्याच्या मुळाशी 'भाजणे' या अर्थाचे क्रियापद आहे. फ्रेंचमध्ये तो भाजलेले मांस विकणाऱ्या दुकानासाठीही वापरला जातो. संस्कृतात शुळावर भाजलेल्या मांसाला 'शूल्य' म्हणतात. पाणिनीच्या अष्टाध्यायीत या शब्दाची सिद्धी दिलेली आहे. बाराव्या शतकातील कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथातही शुळावर ओवून निखाऱ्यांवर भाजलेल्या मांसाचे वर्णन आढळते.

युरोपातील मध्ययुगीन स्वयंपाकघरांत गज फिरवण्याचे काम नोकर, बहुधा लहान मुले, करीत. इंग्लंडमध्ये भिंतीवरील चाकात कुत्र्याला पळवून गज फिरवण्याची पद्धत होती. या कामासाठी पाळलेल्या आखूड पायांच्या कुत्र्यांचा उल्लेख १५७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इंग्रजी पुस्तकात मिळतो. धुराड्यातून वर जाणाऱ्या उष्ण हवेवर पंखा फिरवून त्याने गज चालवण्याची कल्पना लिओनार्दो दा विंची यांच्या रेखाटनांत आहे. उस्मानी साम्राज्यातील विद्वान तकी अल-दीन यांनी १५५१ मध्ये वाफेच्या झोताने फिरणाऱ्या गजाचे वर्णन केले. पुढे वजनावर चालणारी घड्याळासारखी यंत्रे आली आणि विसाव्या शतकात त्यांची जागा विजेच्या मोटरने घेतली.

झाकण असलेली गोल कोळशाची शेगडी अमेरिकेतील शिकागो परिसरात जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ मध्ये तयार केली. ते ज्या कारखान्यात काम करीत, तेथे समुद्रात तरंगणारे धातूचे बोये बनत. त्यांच्या गोलार्धांवरून शेगडीचा आकार सुचला. घरगुती रोटिसरी संचांचा एक मोठा वर्ग याच आकाराच्या शेगड्यांसाठी बनवला जातो.

रचना

सर्वसाधारण संचात पुढील भाग असतात :

• गज : चौकोनी किंवा षट्कोनी छेदाची पोलादी सळई. छेद गोल असल्यास काटे त्यावर घसरतात.
• काटे : पदार्थ दोन्ही बाजूंनी घट्ट धरणारे, स्क्रूने आवळता येणारे दोन किंवा चार टोकांचे चिमटे.
• मोटर : दंतचक्रांच्या साहाय्याने मिनिटाला साधारणतः २ ते ६ फेरे देणारी.
• प्रतिभार : पदार्थाच्या जड बाजूच्या विरुद्ध दिशेला लावायचे सरकते वजन.
• आधार : शेगडीच्या काठावर बसणारे कंस, किंवा वाटी व झाकण यांच्यामध्ये बसणारे धातूचे कडे.

कार्यतत्त्व

मिनिटाला ४ फेरे या गतीने पदार्थाचा प्रत्येक भाग १५ सेकंदांत एकदा निखाऱ्यांसमोरून जातो. समोर असताना पृष्ठभाग तापतो आणि पलीकडे गेल्यावर थोडा निवतो. या अवधीत उष्णता आत झिरपते. त्यामुळे वरचे आवरण करपण्याआधी गाभा शिजण्यास वेळ मिळतो. वितळलेली चरबी व रस एकाच ठिकाणाहून गळून न जाता पृष्ठभागावरून फिरत राहतात आणि पदार्थ आपोआप माखला जातो.

निखारे पदार्थाच्या थेट खाली न ठेवता गजाच्या दोन्ही बाजूंना, गजाला समांतर अशा दोन ओळींत रचतात. मधल्या मोकळ्या जागेत गळणारी चरबी धरण्यासाठी पसरट भांडे ठेवतात. चरबी निखाऱ्यांवर पडली तर ज्वाळा उठतात आणि पदार्थावर काजळी धरते.

निवडीचे निकष

शेगडीचा आकार

गोल शेगडीसाठी कड्याचा संच लागतो. कड्याचा व्यास शेगडीच्या काठाशी तंतोतंत जुळावा लागतो. प्रचलित मोठ्या गोल शेगडीचा व्यास सुमारे ५७ सेंटिमीटर असतो, तरी वेगवेगळ्या उत्पादकांच्या काठाची घडण सारखी नसते. कड्याभोवती फट राहिल्यास तेथून हवा आत शिरते, कोळसा वेगाने जळतो आणि झडपांनी तापमान आवरता येत नाही. अंडाकृती मातीच्या शेगडीचे, म्हणजे कामाडोचे, झाकण बिजागरीवर तिरपे उघडते. तिच्यासाठी एका बाजूला उंच व दुसऱ्या बाजूला उतरते असे कडे वापरतात. आयताकृती शेगडीला कंस पुरतात, परंतु झाकण बंद करायचे असल्यास गजासाठी काठात खाच असावी लागते. सायप्रसमधील 'फुकू' या उघड्या शेगडीत गज वर-खाली करण्यासाठी वेगवेगळ्या उंचीच्या खाचा असतात, कारण तेथे झाकण नसल्याने उष्णता केवळ अंतरानेच कमी-जास्त करता येते.

गजाच्या मध्यरेषेपासून जाळी, झाकण आणि निखारे यांपर्यंतचे सर्वांत कमी अंतर मोजणे आवश्यक असते. पदार्थाचा सर्वांत बाहेर येणारा भाग या अंतराच्या आत राहिला पाहिजे. कोंबडीचे पंख व तंगड्या दोऱ्याने आवळून बांधण्याचे हे एक कारण आहे. सुटलेला पंख प्रत्येक फेऱ्यात आपटतो आणि मोटर अडते.

गजाची जाडी

गजाचा ताठपणा त्याच्या बाजूच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. ८ मिलिमीटर बाजूच्या चौकोनी गजापेक्षा १२.७ मिलिमीटर बाजूचा तेवढ्याच लांबीचा गज सुमारे सहापट ताठ असतो. एका कोंबडीसाठी बारीक गज पुरतो. दोन-तीन कोंबड्या किंवा मोठे मांस मधोमध लावल्यास तो वाकू शकतो. गज लांब झाल्यास वाकण्याचे प्रमाण अधिक झपाट्याने वाढते, म्हणून रुंद शेगडीसाठी जाड गज घेणे इष्ट असते. गजाचे टोक मोटरच्या खाचेत आणि काटे गजावर बसले पाहिजेत. निरनिराळ्या संचांचे भाग एकत्र करताना गजाचा छेद आधी पडताळावा लागतो.

मोटर आणि तोल

वजन गजाच्या अक्षाभोवती सारखे विभागलेले असेल तर ते फिरवण्यास फारच थोडा जोर लागतो. वजनाचा मध्य अक्षापासून सरकला की मोटरला प्रत्येक फेऱ्यात ते वजन वर उचलावे लागते. ५ किलोग्रॅम मांसाचा मध्य २ सेंटिमीटर सरकलेला असल्यास त्यासाठी सुमारे १ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, लागतो. तेच मांस अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत नीट बसवले तर ही गरज एक चतुर्थांशावर येते. म्हणजेच तोल साधलेले जड मांस तोल गेलेल्या हलक्या मांसापेक्षा मोटरला सोपे जाऊ शकते.

वॅटमधील शक्तीचा आकडा यात फारसा उपयोगी नसतो. वरील १ न्यूटन-मीटर टॉर्क मिनिटाला ४ फेऱ्यांच्या गतीने देण्यास अर्ध्या वॅटहून कमी यांत्रिक शक्ती पुरते. खरा फरक दंतचक्रांच्या रचनेत आणि मजबुतीत असतो; धातूची दंतचक्रे प्लास्टिकच्या दंतचक्रांपेक्षा उष्णता व ताण अधिक सहन करतात.

तोल गेल्याची खूण सहज ओळखता येते. जड बाजू वर चढताना गज मंदावतो आणि खाली येताना झटकन घसरतो. त्यामुळे एक बाजू उष्णतेसमोर अधिक वेळ राहते व पदार्थ असमान भाजला जातो. शेगडीवर चढवण्यापूर्वी भरलेला गज दोन आधारांवर मोकळा ठेवल्यास जड बाजू आपोआप खाली येते. प्रतिभार तिच्या नेमका विरुद्ध, वरच्या बाजूला लावतात. भाजताना पाणी व चरबी निघून गेल्याने तोल बदलतो, म्हणून मोठ्या पदार्थासाठी तो मध्येच पुन्हा साधावा लागतो.

वीजपुरवठा

अमेरिकेसाठी बनवलेल्या मोटरी १२० व्होल्ट व ६० हर्ट्झवर चालतात, तर भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट व ५० हर्ट्झची असते. अशी मोटर थेट जोडल्यास जळू शकते. रोहित्राने व्होल्टेज उतरवले तरी वारंवारतेनुसार चालणाऱ्या समकालिक मोटरचा वेग सुमारे एक षष्ठांशाने कमी होतो. जेथे विजेची सोय नाही तेथे बॅटरीवर चालणाऱ्या मोटरी वापरतात. त्यांचा जोर सहसा कमी असल्याने तोलाकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

धातू

गज व काटे स्टेनलेस स्टीलचे असणे योग्य मानले जाते. मुलामा दिलेले भाग स्वस्त असतात, परंतु मुलाम्याचे पापुद्रे कालांतराने निघू लागतात. जस्ताचा लेप असलेल्या सळया अन्नासाठी वापरू नयेत. दही, लिंबू किंवा व्हिनेगर यांसारख्या आंबट पदार्थांच्या संपर्काने जस्त अन्नात उतरते.

स्मोकरवरील वापर

स्मोकरमध्ये अन्न साधारणतः १०७ ते १३५ अंश सेल्सिअस तापमानाला कित्येक तास ठेवले जाते. तेथे उष्णता मुख्यतः फिरत्या हवेतून आणि धुरातून पोहोचत असल्याने पदार्थ फिरवण्याचा लाभ मर्यादित असतो. इतक्या कमी तापमानाला कोंबडीची कातडी कुरकुरीत न होता चिवट राहते. त्यामुळे केवळ मंद आचेवर चालणाऱ्या स्मोकरसाठी हा संच घेण्यात फारसा अर्थ नसतो. ज्या स्मोकरमध्ये अधिक कोळसा घालून तापमान बरेच वाढवता येते, त्यातच तो उपयुक्त ठरतो.

सुरक्षितता

जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन व प्राणघातक वायू निघतो. बंद खोली, तंबू किंवा काचा लावलेली बाल्कनी अशा ठिकाणी कोळशाची शेगडी पेटवू नये. खिडकी उघडी ठेवणे हा पुरेसा उपाय नव्हे. निखारे विझल्यासारखे दिसले तरी ते पूर्ण थंड होईपर्यंत वायू निघत राहतो. मोटरची तार तप्त भागांपासून दूर असावी व जोडणीला अर्थिंग असावे.

अमेरिकेच्या कृषी विभागाच्या निकषानुसार कोंबडीच्या आतील तापमान ७४ अंश सेल्सिअस व्हावे लागते. ते मोजताना तापमापीचे टोक हाडाला किंवा गजाला टेकू नये. पोलादी गज उष्णता आत वाहून नेतो. त्याला टेकलेली तापमापी खऱ्यापेक्षा अधिक आकडा दाखवते आणि मांस कच्चे असूनही शिजल्यासारखे वाटते. तापमान मोजण्यापूर्वी मोटर बंद करावी आणि तप्त गज उचलताना उष्णतारोधक हातमोजे वापरावेत.

हेही पहा

• तंदूर
• कबाब
• शवर्मा
• कोळसा